वार्धक्यावरील खोटा आरोप

साठी उलटली की बुद्धी नाठी होते, हा सिद्धान्त आपल्याकडे इतक्या पिढ्यांच्या तोंडून वदला गेला आहे की, त्याला पुरावा मागणाराच आता अपराधी वाटू लागतो. आणि अलीकडे तर या लोकसिद्ध सिद्धान्तावर सुशिक्षितांच्या बैठकीत एक नवा, किंचित आधुनिक पेहराव चढविण्यात आलेला आहे. अल्झायमर नावाचा कोणताही स्वतंत्र रोग नाही. म्हातारपणी केस पिकावेत, दात पडावेत, गुडघे कुरकुरावेत, त्याच न्यायाने मेंदूही झिजतो. या स्वाभाविक झिजेला पाश्चात्त्य वैद्यांनी आपल्यातल्याच एकाचे नाव देऊन तिचा रोग बनविला, औषधी कंपन्यांनी त्या रोगाचे दुकान थाटले, आणि एकत्र कुटुंबात, हळदीच्या आहारात व पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या माणसाला या परदेशी दुखण्याची धास्ती बाळगण्याचे काही एक कारण नाही, असा हा युक्तिवाद थोडक्यात मांडता येईल.

हा युक्तिवाद करणारे लोक बहुधा दुष्ट नसतात. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याखेरीज त्याच्या खंडनाला हात घालू नये, हा आपल्या शास्त्रचर्चेचा शिरस्ता असल्यामुळे, त्यांच्या पदरात जे माप टाकावयास हवे ते आरंभीच टाकून देतो. वयाचा आणि या व्याधीचा संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. पासष्टीनंतर दर पाच-सहा वर्षांनी तिचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होत जाते, ही गोष्ट कोणीही जाणकार नाकारणार नाही. परंतु वयाबरोबर जे जे वाढते ते ते वयच घडवून आणते असे मानावयाचे, तर मोतीबिंदू, कर्करोग आणि पक्षाघात यांनाही रोगांच्या यादीतून वजा करून म्हातारपणाच्या खात्यावर मांडावे लागेल. आणि पंच्याहत्तरीच्या मातोश्रींच्या डोळ्यांवर पडदा आला तेव्हा हेच गृहस्थ ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ न बसता त्यांना नेत्रवैद्याकडे घेऊन गेले होते, असे चौकशीअंती आढळून येईल. डोळ्याला रोग होऊ शकतो आणि मेंदूला मात्र नुसते वय होते, हा भेद कोणत्या शास्त्राच्या आधारे करावयाचा, याचा खुलासा त्यांनी अद्याप केलेला नाही.

या व्याधीच्या इतिहासाचे पहिले पानच प्रतिपक्षाच्या विरुद्ध साक्ष देते. 25 नोव्हेंबर 1901 रोजी जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक बाई दाखल करण्यात आली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता, आणि बायको आपल्यावर एकाएकी संशय घेऊ लागली, स्वयंपाक बिघडवू लागली, वस्तू भलत्याच जागी दडवू लागली, ही त्याची कैफियत होती. तेथील वैद्य आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे स्वतःच्या हाताने टिपून ठेवली आणि तो कागद आजही उपलब्ध आहे. नाव विचारले तेव्हा तिने ‘आउगुस्टे’ असे बरोबर सांगितले. आडनाव विचारले, तरी ‘आउगुस्टे’. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा किंचित चाचपडून पुन्हा ‘आउगुस्टे’च. दुपारी तिच्या पानात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता आहात, असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. नाव लिहून दाखवा म्हटल्यावर नावाआधीचा ‘श्रीमती’ एवढा शब्द तिने लिहिला, आणि पुढे काय लिहावयाचे होते तेच विसरून ती हात आखडून बसली. या बाईचे वय त्या दिवशी 51 वर्षांचे होते. एकावन्नाव्या वर्षी आपल्याकडे सरकारी नोकराला सेवानिवृत्तीचा कागदसुद्धा येत नाही. मग जिच्यामुळे या रोगाचे नाव जगाला कळले, ती स्त्री तरी म्हातारपणाची बळी होती असे म्हणण्याची सोय उरत नाही.

8 एप्रिल 1906 रोजी ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला मनोवैद्य क्रेपेलिन यांच्या हाताखाली गेले होते. तिचा मेंदू आणि तिचे दफ्तर त्यांनी तेथे मागवून घेतले, मेंदूचे पातळ काप काढले, आणि बिल्शोव्स्की यांनी नुकत्याच प्रचारात आणलेल्या चांदीच्या क्षाराच्या रंजनपद्धतीने ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत कुठल्याशा अपरिचित द्रव्याचे बारीक बारीक थर जागोजाग साचलेले होते. आणि पेशींच्या पोटात जाडजूड तंतूंचा गुंता माजलेला होता, इतका की, कित्येक ठिकाणी पेशी केव्हाच नामशेष होऊन तिच्या जागी केवळ तो गुंता शिल्लक राहिला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या 3 तारखेला ट्युबिंगेन येथील मनोवैद्यांच्या सभेत त्यांनी हे सारे निवेदन केले. सभेतील एकाही विद्वानाने एकही प्रश्न विचारला नाही. रोग शोधून काढण्याची कंपन्यांना घाई झाली होती, असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी या निःशब्द सभेचा अवश्य विचार करावा. तेथे विकण्यासारखे काही नव्हते आणि विकत घेणाराही कोणी नव्हता.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. क्रेपेलिन यांनी 1910 साली आपल्या ग्रंथात अल्झायमरांचे नाव या व्याधीला दिले खरे, पण ती तरुणांची व प्रौढांची दुर्मीळ व्याधी म्हणून. साठी-पासष्टीच्या पलीकडे जो विसरू लागेल तो म्हातारपणाने किंवा रक्तवाहिन्या कठीण झाल्याने विसरतो, अशी वाटणी वैद्यकाने करून टाकली, आणि जवळजवळ अर्धे शतक ती निमूटपणे पाळली. प्राग येथील ऑस्कर फिशर यांनी 1907 मध्येच वृद्ध रुग्णांच्या मेंदूंतही तेच साचलेले थर दाखवून दिले होते, परंतु त्यांची दाद लागली नाही. अर्थात, प्रतिपक्ष आज जे मत बंडखोर विचार म्हणून मांडतो, ते मत दोन पिढ्यांच्या वैद्यांनी अधिकृतपणे बाळगले, तपासले आणि अखेरीस सोडून दिले. ते सोडावे लागले याचे कारण न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांचे काम: वृद्धांची बुद्धी त्यांच्या हयातीत मोजावयाची, मृत्यूनंतर त्याच वृद्धांच्या मेंदूतील थर मोजावयाचे, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावयाचे, असा रोकडा हिशेब त्यांनी केला आणि 1968 साली तो प्रसिद्ध केला. थर जितके अधिक तितकी बुद्धीची हानी अधिक, असे त्यातून निघाले. ऐंशी वर्षांच्या विस्मृत वृद्धाच्या मेंदूत आउगुस्टे डेटर हिच्याच मेंदूतले चित्र होते. 1976 मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका लहानशा संपादकीयात ही वयाची कृत्रिम भिंत पाडून टाकावी असे लिहिले, आणि तेव्हापासून ती पडलेलीच आहे.

आता मेंदूत प्रत्यक्ष घडते काय, हे पाहू. कारण झीज आणि रोग यांतला फरक शेवटी तेथेच ठरणार आहे. चेतापेशीच्या आवरणात एक लांबट प्रथिन आरपार रोवलेले असते, आणि विकरे त्याचे नित्य तुकडे पाडीत असतात. त्यांपैकी चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांचा जो तुकडा, त्याला बीटा-अमिलॉइड म्हणतात. हा तुकडा आपल्या सर्वांच्याच डोक्यात तयार होतो आणि एरवी वाहून जातो; परंतु त्याचा निचरा अडला, किंवा बेचाळिसांचा अधिक चिकट वाण प्रमाणाबाहेर निपजला, की एकाला एक चिकटून त्याचे पेशींच्या बाहेर थर बसू लागतात, आणि हे थर बसणे विस्मरणाच्या पहिल्या खुणेपूर्वी पंधरा-वीस वर्षे मुकाट्याने चाललेले असते. दुसरे प्रथिन टाऊ नावाचे. पेशीच्या लांब तंतूंत अतिसूक्ष्म नलिका असतात. त्यांच्या आधाराने पेशीच्या केंद्राकडून टोकापर्यंत रसद पोचते आणि त्यांना बळकटी देण्याचे काम टाऊकडे असते. या टाऊवर फॉस्फेटचा अतिरिक्त भार चढला की तो नलिका सोडून देतो आणि आपल्याच जातीच्या इतर रेणूंशी पीळ घालीत बसतो. अल्झायमरांनी पाहिलेला गुंता तो हाच, आणि त्यातील तंतूंचा जोडीजोडीने घातलेला पीळ 1963 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसला. रसद तुटलेल्या पेशीचे दुसऱ्या पेशींशी असलेले संपर्क प्रथम गळतात आणि मागाहून ती स्वतः मरते. रुग्णाची बुद्धी किती खालावली याचा सर्वांत खरा अंदाज या गळालेल्या संपर्कांवरून येतो.

परंतु प्रतिपक्षाला निरुत्तर करणारा मुद्दा या दोन प्रथिनांच्या अस्तित्वापेक्षा त्यांच्या वाटेत आहे. हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने, तेही पुन्हा फ्रांकफुर्टमध्येच, 83 मेंदू तपासून 1991 साली असे दाखविले की, टाऊचा गुंता वाटेल तेथे वाटेल तसा पसरत नाही. कानशिलाच्या आतल्या अंगाला एंटोरायनल नावाचा एक चिंचोळा पट्टा आहे, तेथे तो प्रथम उगवतो. तेथून लगतच्या हिप्पोकॅम्पसमध्ये उतरतो. मग भाषा, विचार आणि दिशांचे भान ज्या विस्तीर्ण बाह्य थरात वसते तेथे शिरतो. आणि हातपाय हलविणारे व डोळ्यांनी पाहणारे प्रदेश सर्वांत शेवटी गाठतो. म्हणूनच रुग्ण चालतो, पाहतो, घास तोंडात घालतो, आणि तरीही आपण कोठे चाललो आहोत हे त्याला सांगता येत नाही. झीज असती तर ती सर्वांगी झाली असती. ठरलेल्या उंबरठ्यावरून आत शिरून ठरलेल्या क्रमाने खोल्या बळकावणाऱ्या गोष्टीला झीज म्हणता येत नाही.

हा पहिला उंबरठा किती मोक्याचा आहे, हे समजण्यासाठी एखाद्या कचेरीतील आवक बारनिशी डोळ्यांपुढे आणावी. बाहेरून आलेले प्रत्येक टपाल तेथे नोंदले जाते आणि मगच योग्य त्या फडताळात रवाना होते. बारनिशीचा कारकूनच नाहीसा झाला, तर तीस वर्षांपूर्वीची फडताळे शाबूत असतात, त्यांतील कागद मागितल्याबरोबर हाती येतो, आणि आज सकाळचे टपाल मात्र आले होते याचाच दाखला कोठे राहत नाही. आजीला रामरक्षा अथपासून इतिपर्यंत एकही अक्षर न चुकता म्हणता येते, लग्नात कोणी कोणता आहेर केला हे सांगता येते, मग तिची स्मृती बिघडली असे म्हणणारे वैद्य मूर्ख नव्हेत काय, असा प्रश्न घरोघर विचारला जातो आणि पाठांतराच्या परंपरेचा विजय म्हणून त्याचा डांगोराही पिटला जातो. परंतु बालपणी हजार वेळा घोकलेले स्तोत्र या उंबरठ्यावर अवलंबून राहिलेले नसते. ते केव्हाच इतर प्रदेशांत खोल मुरलेले असते, आणि रोग तेथे उशिरा पोचतो. स्मृतीची परीक्षा रामरक्षेने होत नाही. ‘सकाळी कोण येऊन गेले?’ या प्रश्नाने होते. त्यातही निरोगी वृद्धाला नाव चटकन सुचत नाही, पण आद्याक्षर सांगितले की आठवते, कारण नोंद झालेली असते आणि केवळ हुडकण्यास वेळ लागत असतो. या रुग्णाला आद्याक्षर सांगा, अर्धे नाव सांगा, पाहुणा पुन्हा समोर आणून उभा करा, त्याच्या लेखी तो सकाळी आलेलाच नसतो.

याच ठिकाणी, ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याने आपण आपल्याच माणसांवर केवढा अन्याय करतो, हेही सांगून टाकतो. आपल्या पाटल्या सासूबाईंनी स्वतःच तांदळाच्या डब्यात दडविलेल्या असतात; दडविल्याची नोंद मेंदूत झालेली नसते; पाटल्या जागेवर नाहीत एवढे मात्र डोळ्यांना दिसते, आणि उरलेल्या शाबूत बुद्धीने त्या तर्क करतात की, पाटल्या सुनेने नेल्या. हा तर्क दुष्टपणाचा नसतो. हाती असलेल्या पुराव्यावरून कोणताही मनुष्य हाच निष्कर्ष काढील. आउगुस्टे डेटर हिचा पहिला विकार नवऱ्यावरचा संशय हाच होता, हे येथे ध्यानात घ्यावे. परंतु घरात रोगाचे नावच उच्चारावयाचे नाही असे ठरलेले असल्यामुळे, चोरीचा आळ सून खरा मानते आणि सासूचा मूळ स्वभावच अखेरीस बाहेर पडला असा निवाडा शेजारीपाजारी देतात. आणि ज्या बाईने चाळीस वर्षे त्या घराला जीव लावला, तिची शेवटची ओळख संशयखोर म्हातारी अशी कायमची नोंदली जाते. वार्धक्याला रोगाबद्दल जबाबदार धरणारे लोक नकळत रोगाचे सारे अपराध माणसाच्या शीलाच्या नावावर जमा करीत असतात.

कार्यकारणसंबंध ठरविण्याची अन्वय आणि व्यतिरेक ही जी कसोटी आपल्या नैयायिकांनी घालून दिली आहे, ती येथे लावून पाहू. म्हातारपण हेच कारण असेल, तर म्हातारपणावाचून हे कार्य घडता कामा नये, आणि पुरेसे म्हातारपण आले म्हणजे ते घडल्यावाचून राहता कामा नये. दोन्ही बाजूंनी हा नियम मोडतो. कोलंबिया देशाच्या आंतियोकिया प्रांतात सुमारे सहा हजार माणसांचा एक विस्तृत गोतावळा आहे. त्यातील ज्यांच्याकडे प्रिसेनिलिन-1 या जनुकातील एक विशिष्ट दोष वारशाने आला, त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास विसर पडू लागतो आणि पन्नाशीच्या आत पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. फ्रान्सिस्को लोपेरा या वैद्याने आपले आयुष्य त्या डोंगराळ गावांतील घराघरांची वंशावळ मांडण्यात घालविले. ज्यांना जन्मतः एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत मिळते, त्या डाऊन लक्षणसमूहाच्या लोकांत चाळिशीतच हे थर जवळजवळ सर्रास आढळतात, कारण अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाचे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. ही झाली म्हातारपणावाचूनची व्याधी.

आणि व्याधीवाचूनचे म्हातारपण पाहावयाचे असेल, तर हॉलंडमधील हेंड्रिक्ये फान आंडेल-स्खिपर या बाईंकडे पाहावे. 1890 साली जन्मलेल्या या बाई 2005 मध्ये 115 वर्षांच्या होऊन वारल्या. अयाक्स या फुटबॉल संघाच्या त्या अखेरपर्यंत अभिमानी होत्या. देह विज्ञानाला देण्याचे त्यांनी वयाच्या 82 व्या वर्षीच लिहून ठेवले होते, आणि आता इतक्या म्हाताऱ्या झालेल्या आपल्या देहाचा काही उपयोग होईल काय, अशी चिंता त्यांना पुढे वाटू लागली होती. 112 आणि 113 व्या वर्षी त्यांच्या बुद्धीची परीक्षा घेतली, तेव्हा साठ-पंच्याहत्तरीच्या निरोगी माणसांच्या सरासरीपेक्षा त्यांचे गुण वरचढ भरले. आणि मृत्यूनंतर मेंदू उघडून पाहिला, तर या रोगाची खूण म्हणावी असे त्यात जवळजवळ काही नव्हते. एकशे पंधरा वर्षे पुरेशी नसतील, तर किती वर्षे पुरेशी धरावयाची हे प्रतिपक्षाने एकदा जाहीर करावे. ज्यांना एकाच बाईच्या दाखल्याने समाधान होत नाही त्यांच्यासाठी पेशींची मोजदादही झालेली आहे: साठ ते नव्वद वर्षांच्या दरम्यान निरोगी माणसाच्या एंटोरायनल पट्ट्यातील पेशींची संख्या कायम राहते, आणि व्याधीच्या अगदी सौम्य अवस्थेत, माणूस अजून व्यवहार करीत असताना, त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या थरातील निम्म्याहून अधिक पेशी मरून गेलेल्या असतात. 1996 सालचे हे निष्कर्ष ज्याने एकदा वाचले, त्याने पुन्हा झीज हा शब्द तोंडातून काढू नये.

आता प्रतिपक्षाच्या भात्यातील जे बाण खरोखर टोकदार आहेत ते घेऊ. ज्यांच्या मेंदूत थर आणि गुंते भरपूर होते आणि तरीही ज्यांची बुद्धी शाबूत होती अशी माणसे आढळतात, हे खरे आहे. अमेरिकेतील जोगिणींच्या मठांत डेव्हिड स्नोडन यांनी केलेल्या अभ्यासातील सिस्टर मेरी 101 व्या वर्षी वारल्या. हयातीत त्यांची परीक्षा उत्तम उतरली होती, आणि मेंदूत रोगाच्या खुणा विपुल निघाल्या. पण यावरून फार तर एवढे सिद्ध होते की, रोगाचा मारा आणि मेंदूची राखीव शक्ती ही दोन वेगळी माने आहेत. क्षयाचे जंतू कोट्यवधी भारतीयांच्या फुप्फुसांत निद्रिस्त असतात आणि त्यांतील बहुतेकांना क्षय कधीच होत नाही. म्हणून क्षयाचा जंतू काल्पनिक आहे असे कोणी म्हणत नाही. कोलंबियातील त्याच गोतावळ्यात एक बाई अशी निघाली की, दोष वाहत असूनही सत्तरीपर्यंत तिला विस्मरण झाले नाही. तिच्या मेंदूत अमिलॉइड खच्चून भरला होता, पण टाऊ फारसा पसरला नव्हता, आणि याचे श्रेय तिच्यातील दुसऱ्या एका विरळ जनुकभेदाला देण्यात येते. अपवादानेही येथे रोगाच्या यंत्रणेवर प्रकाशच टाकला.

दुसरा बाण लबाडीचा. 2006 साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपाविषयी प्रसिद्ध झालेला एक निबंध, त्यातील चित्रांत फेरफार झाल्याचे उघडकीस आल्यावर, 2024 मध्ये मागे घेण्यात आला, आणि तेव्हापासून सारे अमिलॉइड प्रकरणच बनावट होते अशी हाकाटी चालू आहे. लबाडी घडली, ती निंद्य आहे, आणि ती उघड होण्यास सोळा-सतरा वर्षे लागावीत ही शास्त्रज्ञांना लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. परंतु एक खोटा दस्तऐवज निघाला म्हणून गावच्या साऱ्या जमिनी बेवारस होत नाहीत. ग्लेनर यांनी बीटा-अमिलॉइडची रचना 1984 मध्ये उकलली होती. मूळ प्रथिनाच्या जनुकातील घातक दोष लंडन येथे 1991 मध्ये, आणि प्रिसेनिलिनमधील दोष 1995 मध्ये सापडले होते. 2006 चा निबंध उद्या फाडून टाकला तरी त्याच्या आधीच्या या कागदांतील एक अक्षर पुसले जात नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र प्रतिपक्षाचा संशय मला निम्म्याहून अधिक मान्य आहे. लेकॅनेमॅब या औषधाने अमिलॉइडचे थर खरोखर धुऊन निघतात. परंतु अठरा महिन्यांच्या प्रयोगात 18 गुणांच्या मापावर रुग्णाला मिळालेला लाभ 0.45 इतका होता, आणि त्यापायी आठ-दहा जणांमागे एकाच्या मेंदूला सूज दिसून आली. या लाभाला जाहिरातदारांनी 27 टक्के हे भारदस्त रूप दिले, तेव्हा त्यांच्यावर कोणी तुटून पडले असेल तर मी त्याच्या बाजूचा. पण औषध दुबळे आहे एवढ्यावरून रोग नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे फिर्याद चालविणारा वकील नालायक निघाला म्हणून चोरी झालीच नाही असे ठरविणे होय.

राहता राहिले आपले भारतीय कवच. या दाव्याच्या मुळाशी हरियाणातील बल्लभगढ येथे झालेली एक प्रामाणिक पाहणी आहे: पासष्टीवरील हजार माणसांमागे वर्षाला 4.7 नवे रुग्ण तेथे आढळले, आणि तशाच पद्धतीने पाहिलेल्या अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या एका खोऱ्यात 17.5. अॅपोई-4 हा या रोगाला धार्जिणा असलेला जनुकभेद बल्लभगढात तुलनेने विरळ आहे, त्याचाही त्यात वाटा असू शकेल. परंतु पाठपुराव्याचा काळ थोडा होता, रोग जडल्यावर आपल्याकडचा माणूस फार वर्षे जगत नाही, आणि घरातल्या वृद्धाकडून कोणी कसलीच अपेक्षा करीत नसले की त्याची उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही, या तिन्ही शंका संशोधकांच्या मनातही होत्या. त्या गाळून उरलेला आकडा तेवढा हळदीच्या गुणगानासाठी उचलण्यात आला. खुद्द हळदीतील कर्क्युमिन चोवीस आठवडे रुग्णांना देऊन पाहिले, तर त्यांच्या बुद्धीत काही फरक पडला नाही, आणि रक्तात ते जेमतेम उतरले होते. हळद भाजीत असावी याबद्दल वाद नाही. परंतु 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा आहे की, साठीवरील भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, या ना त्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, आणि त्यांचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या बालेकिल्ल्यातच, अधिक आहे.

मग नाव देऊन तरी काय साधणार, औषध तर तुम्हीच दुबळे ठरविलेत, असा शेवटचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मला दवाखान्याइतकेच कचेरीत दिसते. पेन्शनच्या खिडकीवर म्हाताऱ्याची सही जुळत नाही, कारकून तीन वेळा कागद परत करतो, आणि चौथ्या वेळी कोणीतरी शाई लावून अंगठा उमटवून घेतो. त्याच आठवड्यात दुसरे कोणी त्याच अंगठ्याने मुखत्यारपत्र करून घेते. मृत्युपत्र करणाऱ्याचे चित्त ठिकाणावर असले पाहिजे, असे 1925 चा भारतीय वारसा कायदा सांगतो, आणि करार करणाऱ्याविषयी 1872 च्या करार कायद्याचे म्हणणेही तेच. रोगाचे निदान वेळेवर झाले, तर आपली इस्टेट कोणी पाहावी हे त्या माणसाला स्वतः शुद्धीत असताना ठरविता येते. ‘वय झाले’ या निकालावर विसंबलेल्या घरात ते इतर ठरवितात, आणि पुढे वीस वर्षे दिवाणी न्यायालयात भांडतात.

आणि जो निकाल अल्झायमरच्या रुग्णाला लागू केला जातो, तोच ज्याला हा रोग मुळीच नाही त्यालाही लागू होतो, हे सर्वांत वाईट. विसरू लागलेल्या प्रत्येक वृद्धाला अल्झायमर नसतो: कोणाची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असते, कोणी पत्नीच्या निधनानंतर खोल औदासीन्यात गेलेला असतो, न्हाणीघरात घसरून पडल्यावर कोणाच्या कवटीच्या आत रक्त साकळलेले असते, आणि शाकाहारी घरांतल्या कित्येकांना ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता असते, जिचे प्रमाण पुण्यातील मध्यमवयीनांच्या पाहणीतसुद्धा चिंता वाटावी इतके मोठे निघाले होते. यांपैकी प्रत्येकावर उपचार आहे, आणि तो वेळेवर झाला तर माणूस पुष्कळदा पूर्ववत् होतो. त्याला ‘आता वयच झाले’ असे सांगून घरी परत पाठविणाऱ्याने त्याच्या दंडातून परीक्षेपुरते रक्त काढण्याचीही तसदी घेतलेली नसते.